मोहरबंद दफ्तर आणि जप्त झालेला जामदारखाना

महाबळेश्वरच्या डोंगरावर उन्हाळ्यात थंड वाऱ्यासाठी चढून येणाऱ्या प्रवाशास, हे स्थळ इंग्रज साहेबांनी शोधले आणि त्यांनीच वसवले, एवढेच बहुधा ऐकावयास मिळते. परंतु ज्या कागदाने ही वस्ती अस्तित्वात आली त्याच्या एका बाजूस मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम होते, तर दुसऱ्या बाजूस साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज होते, ही गोष्ट सांगणारा क्वचितच भेटतो. मे १८२९ मध्ये झालेल्या तहाने महाराजांनी या डोंगरमाथ्यावरील मुलूख कंपनी सरकारच्या स्वाधीन केला आणि त्याच्या मोबदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव घेतले. साताऱ्याहून वर येणारा रस्ता महाराजांच्याच राज्यात त्यांच्याच खर्चाने तयार झाला, आणि नव्या पेठेस गव्हर्नरसाहेबांचे नाव देऊन महाराजांनी तिला माल्कमपेठ म्हणविले. काय दिले, काय घेतले, सीमा कोठून कोठवर, हे सर्व त्या तहात लिहिलेले होते आणि त्याची नक्कल दोन्ही दरबारांच्या दफ्तरी होती.

या तहास पुरती अकरा वर्षेही झाली नव्हती, तोच त्याच मुंबई सरकारने त्याच महाराजांचे सारे राज्य, आणि राज्याबरोबर त्यांची खाजगी मिळकतही काढून घेतली. आणि या वेळी ज्या कागदांच्या आधारे हे घडले ते कागद ज्याचे सर्वस्व जात होते त्याच्याच दृष्टीआड ठेवण्यात आले. साताऱ्याच्या या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातील बहुतेक लेखन महाराज दोषी होते की निर्दोष या एकाच प्रश्नाभोवती फिरते. मला त्याहून निराळी गोष्ट महत्त्वाची वाटते. दफ्तर बंद ठेवणे ही त्या जप्तीबरोबर घडलेली एखादी आनुषंगिक चूक नव्हती, तर दफ्तर बंद होते म्हणूनच ती जप्ती होऊ शकली. आणि पुढे ते उघडले गेले तेव्हा त्यातून जे बाहेर पडले त्याने जप्ती करणाऱ्यांचीच मान खाली गेली, परंतु तोपर्यंत परत देण्यासारखे काही उरलेच नव्हते.

प्रतापसिंहांचा जन्म १७९३ सालचा. १८०८ मध्ये ते गादीवर बसले, पण ती गादी पेशव्यांच्या देखरेखीखालील बंदिवासाहून फारशी वेगळी नव्हती. फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले, महाराज इंग्रजांच्या हाती आले, आणि पुण्याचा बंदोबस्त पाहणाऱ्या, पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेल्या एल्फिन्स्टनने विचारपूर्वक त्यांना साताऱ्यास पुन्हा स्थापित केले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने नीरा आणि वारणा या नद्यांमधील मुलूख त्यांच्याकडे आला. ग्रँट डफ त्यांच्या दरबारी कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, होता, आणि १८२२ मध्ये कारभाराची पूर्ण मुखत्यारी महाराजांस मिळाली. या तहात एक कलम असे होते की रेसिडेंटाच्या मध्यस्थीवाचून महाराजांनी परराज्याशी कोणताही पत्रव्यवहार करू नये. पुढील सारा अनर्थ या एका कलमाच्या आडोशाने उभा राहिला.

महाराज कारभारात दक्ष होते. त्यांनी शाळा काढल्या, शहरास पाणी आणले, रस्ते बांधले, छापखाना घातला, आणि आपली रोजनिशी लिहवून ठेवली. जो मनुष्य आपल्या दिवसाची बारनिशी इतक्या काळजीने ठेवतो, त्याच्या ठायी लेखी पुराव्याविषयी एक आदर असतो. आणि म्हणूनच, आपल्यावरील आरोपाचा कागद आपल्याला दाखवावा ही साधी मागणी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

बंद दफ्तराचा पहिला अनुभव त्यांना आरोपाच्याही आधी आला. औंधचे प्रतिनिधी, भोरचे सचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, वाईचे शेख मिरा यांच्यासारख्या जहागीरदारांवरील अधिसत्ता महाराजांकडे होती. परंतु जहागीर निर्वंश झाल्यास ती सातारच्या राज्यात मिळावी की कंपनीच्या, याविषयी वाद उत्पन्न झाला, आणि कंपनीच्या लंडनमधील संचालकांचा कौल महाराजांच्या बाजूस झुकलेला असूनही मुंबईस त्याची तड लागेना. १८३५ च्या अखेरीस तर संचालकमंडळाने महाराजांच्या राज्यकारभारावर संतोष व्यक्त करणारे पत्र आणि सन्मानादाखल एक तलवार त्यांच्यासाठी पाठविली. ते पत्र आणि ती तलवार मुंबई सरकारने अडकवून ठेवली आणि महाराजांच्या हाती ती कधीच दिली गेली नाही. ज्याच्याविरुद्ध आरोपाची तयारी चालली आहे त्याच्या हाती प्रशस्तिपत्र पडणे सोयीचे नव्हते, हे उघड आहे. पण त्यामुळे महाराजांना आपल्या धन्यांच्या मनात आपल्याविषयी काय आहे हे शेवटपर्यंत कळू दिले गेले नाही, आणि पुढे आलेला प्रत्येक कठोर शब्द लंडनहूनच आला असावा असे त्यांस वाटत राहिले असेल तर त्यात नवल नाही.

१८३६ च्या पावसाळ्यात २३ व्या देशी पलटणीतील सुभेदारांनी सांगितले की महाराजांच्या बाजूने आपल्याला फितविण्याचा प्रयत्न झाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात साताऱ्यास तिघांचा गुप्त आयोग बसला: रेसिडेंट लॉडविक, सरकारचे चिटणीस विलोबी, आणि कर्नल ओव्हन्स. साक्षी बंद दाराआड झाल्या. महाराजांना बोलावून काही गोष्टी विचारण्यात आल्या, परंतु संपूर्ण जबान्यांच्या नकला देऊन, साक्षीदार समोर उभे करून, वकिलामार्फत उलटतपासणी करण्याची संधी त्यांना मिळाली नाही. पुढे या एका आरोपास आणखी दोन जोडण्यात आले: गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी वर्षानुवर्षे चालविलेले संधान, आणि नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी ठेवलेला संबंध. गोवे प्रकरणातील कागदांसाठी तर सरकारी तिजोरीतून पैसे मोजण्यात आले. ज्या कागदाची किंमत देऊन खरेदी होते, त्याचा खरेखोटेपणा तपासण्यास तो प्रतिपक्षाच्या हाती देण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. पण तो मार्ग धरला गेला नाही.

येथे थोडे मागे वळून पाहणे अवश्य आहे, कारण एतद्देशीयांना न्यायाची रीतच ठाऊक नव्हती आणि इंग्रजांनी ती आणली, असा समज अजूनही कोठे कोठे आढळतो. ज्या पेशवाईस एल्फिन्स्टनने नुकतेच बुडविले होते तिच्या अमदानीत गावच्या वतनाचा क्षुल्लक तंटाही पंचायतीपुढे येई, तेव्हा प्रथम उभय पक्षांकडून राजीनामे, म्हणजे निवाडा मान्य करण्याची संमतीपत्रे, आणि जामीन घेतले जात, नंतर दोघांचे करीने, म्हणजे लेखी कैफियती, लिहून घेतले जात, साक्षीदारांना देवालयात किंवा नदीकाठी शपथ देऊन उभय पक्षांसमक्ष विचारले जाई, आणि निवाडपत्रात दोन्ही बाजूंचे म्हणणे प्रथम नमूद करून मगच निकाल लिहिला जाई. पेशव्यांच्या अखेरच्या काळात गृहझडत्या आणि मनमानी जप्त्या झाल्या नाहीत असे मी म्हणत नाही; त्या झाल्या, आणि त्यांनी त्या राज्याचा पाया पोखरला. परंतु दोन पाटलांच्या भांडणात जी मर्यादा पाळली जात होती, ती छत्रपतींच्या प्रकरणात सोडून दिली गेली, ही गोष्ट कोणत्याही मापाने लहान नव्हे.

महाराजांचे दिवाण गोविंदराव यांना पकडून प्रथम पुण्यास आणि नंतर अहमदनगरास कैदेत ठेवण्यात आले. त्यानंतर गोविंदरावांची आई गिरिजाबाई हिच्या नावाचा एक अर्ज सरकारास पोहोचला, ज्यात महाराजांच्या कटाची कबुली असल्यासारखा मजकूर होता. आईने मुलाच्या सुटकेसाठी मालकाचे रहस्य फोडले, असा त्याचा अर्थ लावण्यात आला आणि तो आरोपाचा एक प्रमुख आधार ठरला. पुढे कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या मनुष्याने, तो अर्ज आपण लिहिला, असे सांगितले. आणि ही गोष्ट ओव्हन्सच्या कानी येऊनही त्याने ती वेळेवर वरिष्ठांस कळविली नाही असा आरोप लंडनमधील वादात पुनःपुन्हा झाला. तो अर्ज आरंभीच उघड झाला असता, तर त्या म्हातारीस समक्ष विचारण्यास साताऱ्यात कितीसा वेळ लागला असता? एका स्त्रीच्या नावावर खपविलेला कागद राज्याचे भवितव्य ठरवू शकला, याचे कारण तो कागद खरा होता हे नव्हे. तो बंद होता, हे होते. या संबंध प्रकरणात मला सर्वांत दुःखद वाटणारा भाग हाच आहे.

लॉडविकची बदली १८३७ मध्ये झाली आणि त्याच्या जागी, ज्याने आयोगात काम केले होते तोच ओव्हन्स रेसिडेंट म्हणून आला. म्हणजे आरोपाचा शोध घेणारा, पुरावा गोळा करणारा आणि महाराजांशी सरकारच्या वतीने बोलणारा, हे तिघेही एकच झाले. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्ये वारले. त्यांच्या जागी पूर्वी कंपनीच्या संचालकमंडळाचे अध्यक्ष राहिलेले सर जेम्स रिव्हेट कार्नाक आले, आणि ऑगस्ट १८३९ मध्ये ते स्वतः साताऱ्यास येऊन महाराजांस भेटले. त्यांनी पुढे केलेली वाट अशी होती: महाराजांनी तहाचा भंग केल्याचे मान्य करून सही करावी, पुढे तह कसोशीने पाळावा, आणि आपले चिटणीस बळवंतराव यांना दूर करावे, म्हणजे मागील सर्व विसरले जाईल. जो दोष सिद्ध झालेला नाही आणि ज्याचा पुरावा आपल्यास दाखविला गेलेला नाही, त्याची कबुली लिहून देण्याचे महाराजांनी नाकारले. एका सहीने राज्य वाचत होते. ती सही त्यांनी केली नाही, ही गोष्ट त्यांच्या शत्रूंनाही नाकारता आलेली नाही. आणि राज्यापेक्षा सत्याची चाड अधिक मानणारा राजा आपल्या इतिहासात किती वेळा आढळतो याचा वाचकांनीच विचार करावा.

५ सप्टेंबर १८३९ च्या पहाटेपूर्वी ओव्हन्स लष्करासह वाड्यात शिरला आणि महाराजांस पालखीत घालून शहराबाहेर लिंब गावी नेण्यात आले. महाराजांनी आपल्या माणसांना हत्यार उचलू दिले नव्हते, म्हणून रक्त सांडले नाही. गादीवर त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसविण्यात आले. महाराजांची रवानगी काशीस झाली. त्या लांब वाटेत त्यांच्याबरोबर निघालेले त्यांचे चुलतबंधू बाळासाहेब सेनापती यांचा अंत झाला.

पदच्युत करताना महाराजांस असे कळविण्यात आले होते की त्यांनी शांतपणे ताबा सोडल्यास, जी मालमत्ता खरोखर खाजगी ठरेल आणि राज्याची नसेल, तिला हात लावला जाणार नाही. महाराजांनी शांतपणे ताबा सोडला. जामदारखाना, जडजवाहीर, कापड, घोडे, घरगुती जिनसा, देवघरातील वस्तू, यांपैकी खाजगी कोणते आणि दौलतीचे कोणते हे ठरविण्याचा अधिकार मात्र ज्याने घेतले त्याच्याकडेच राहिला. आणि महाराजांची खाजगी मिळकत त्यांस परत मिळाली नाही. आठ वर्षे काशीत ते आपल्या राज्याप्रमाणेच या मिळकतीविषयीही दाद मागत राहिले. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी त्यांचे तेथेच देहावसान झाले.

ही दाद कोणत्या न्यायासनापुढे मागावयाची? या प्रश्नाचे उत्तर साताऱ्याच्या प्रकरणापूर्वीच एका मराठी मुत्सद्द्याच्या जप्त धनावरून ठरून गेले होते. नारो गोविंद औटी हे बाजीराव पेशव्यांच्या विश्वासातील गृहस्थ. रायगडचा किल्ला त्यांच्याकडे होता. मे १८१८ मध्ये रायगड इंग्रजांच्या हाती गेला. पुण्यात एल्फिन्स्टनच्या हाताखाली कॅप्टन रॉबर्टसन बंदोबस्त पाहत होता. त्याने औटींचे सोने, ते पेशव्यांचे म्हणजेच दौलतीचे धन असावे या संशयावरून, त्यांच्याकडून ताब्यात घेतले आणि त्यांनाही अटकेत ठेवले. औटींच्या पश्चात त्यांच्या वतीने सावकारांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात एल्फिन्स्टन आणि रॉबर्टसन यांच्यावर फिर्याद आणली, आणि विशेष म्हणजे त्या कोर्टाने फिर्यादींच्या बाजूने निकाल दिला. नुकताच ज्यांनी मुलूख जिंकला त्यांच्याच कोर्टाने, त्यांच्याच माजी गव्हर्नराविरुद्ध, एका जित मनुष्याच्या धनाविषयी दिलेला हा निकाल आजही अभिमानाने स्मरावा असा आहे. परंतु १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. पुण्यातील युद्ध तोपर्यंत पूर्णपणे शमलेले नव्हते, ती जप्ती शत्रूच्या मालाची जप्ती होती, आणि अशा कृत्याचा न्याय दिवाणी कोर्टास करता येत नाही, असे ठरले. धन खाजगी होते की सरकारी, हा मूळ प्रश्न बाजूसच राहिला.

राज्यकृत्य म्हणून ज्यास पुढे नाव मिळाले त्या सिद्धान्ताचा हा एक प्रमुख आधार झाला, आणि त्याचा सर्वांत कठोर उपयोग पुन्हा एका मराठी घराण्यावरच झाला. तंजावरचे शिवाजीराजे ऑक्टोबर १८५५ मध्ये पुत्रावाचून वारले, तेव्हा कंपनीने राज्यचिन्हांबरोबर वाड्यातील खाजगी संपत्तीही ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि तेथे जिंकल्या. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, कृत्य न्याय्य असो वा अन्याय्य, ते राज्यकृत्य आहे आणि त्याची दाद कोर्टात नाही, असे ठरवून त्यांचा दावा काढून टाकला. पुढे १८६२ मध्ये सरकारने आपण होऊन ती मिळकत राण्यांना दिली, ही एक समाधानाची गोष्ट. पण जे हक्काने मागितले ते कृपा म्हणून मिळाले. नागपूरच्या भोसल्यांचे जवाहीर तर त्याच दशकात लिलावात विकले गेले.

कोर्टाचे दार असे बंद, म्हणून साताऱ्याच्या प्रकरणास दुसरे दार ठोठवावे लागले, आणि ते ठोठवणारा पुरुष रंगो बापूजी गुप्ते हा होता. शिवकालातील रोहिडखोऱ्याच्या दादाजी नरस प्रभूंच्या वंशातील हा मनुष्य महाराजांचा वकील म्हणून लंडनास गेला आणि १८५३ पर्यंत तेथे झगडत राहिला. ईस्ट इंडिया कंपनी ही व्यापारी मंडळी असल्यामुळे तिचे भागधारक लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील सभेत प्रश्न विचारू शकत आणि कागद मागू शकत. साताऱ्याच्या राजास साताऱ्यात जे मागता आले नाही, ते त्याच्या वकिलाने लंडनच्या भागधारकांच्या तोंडून मागविले. जोसेफ ह्यूमसारखे पार्लमेंटचे सभासद, जॉर्ज टॉमसनसारखे वक्ते, संचालकांपैकी ईस्टविक, आणि माजी रेसिडेंट ब्रिग्ज व रॉबर्टसन हे महाराजांच्या बाजूने उभे राहिले. कागदपत्रे बाहेर काढण्याची मागणी सभेमागून सभा, अधिवेशनामागून अधिवेशन चालू राहिली, आणि अखेर पार्लमेंटच्या हुकुमाने सातारा-प्रकरणाचे जाडजूड ग्रंथ छापून निघाले. गिरिजाबाईच्या अर्जाची कथा, अडकवून ठेवलेल्या तलवारीची कथा, विकत घेतलेल्या कागदांची कथा, हे सर्व जगास समजले ते या छापील पानांमुळे.

या मंडळींत एक नाव असे होते की ज्याचा उच्चार महाबळेश्वरास आजही रोज होतो. १८२४ मध्ये साताऱ्याच्या फौजेवर असताना लॉडविक हा या माथ्यावर चढून आला, आणि येथे येणारा पहिला युरोपियन म्हणून त्याची ख्याती झाली. ज्या कड्यास पूर्वी सिडनी पॉइंट म्हणत, तेथे १८७४ मध्ये त्याच्या मुलाने त्याचा स्मारकस्तंभ उभारला आणि कडा लॉडविक पॉइंट झाला. प्रवासी त्या स्तंभाजवळ उभे राहून कोयनेचे खोरे पाहतात. त्यांना हे कोणी सांगत नाही की हाच लॉडविक १८३६ च्या गुप्त आयोगात बसला होता, आणि विलायतेस परतल्यावर त्याने महाराजांवर झालेल्या अन्यायाविरुद्ध उघडपणे लेखणी चालवली आणि कंपनीच्या सभेत आवाज उठवला. ज्या कारवाईत आपला हात होता तिच्याविरुद्ध बोलण्यास जे धैर्य लागते ते त्याने दाखविले, आणि त्याचे हे कृत्य मला डोंगरमाथा शोधून काढण्याहून मोठे वाटते. महाबळेश्वरच्या दुसऱ्या एका रम्य स्थळाविषयीही असेच मौन आहे: वेण्णा तलाव शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधविला, म्हणजे ज्या काळी त्यांचे वडील बंधू काशीत बसून आपल्या खाजगी मिळकतीविषयी दाद मागत होते त्याच काळी.

कागद उघडले, पण राज्य परत आले नाही. शहाजी महाराज एप्रिल १८४८ मध्ये वारले, त्यांचे दत्तविधान गव्हर्नर जनरल डलहौसीने नामंजूर केले, आणि पुढील वर्षी सातारा खालसा झाला. रंगो बापूजी कर्जात बुडालेल्या स्थितीत स्वदेशी परतले. १८५७ च्या सप्टेंबरात साताऱ्याच्या गेंडामाळावर ज्या सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली त्यांत त्यांचा पुत्र सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी सरकारच्या हाती कधीच लागले नाहीत. अर्जविनंत्यांच्या मार्गाने इतकी वर्षे चाललेल्या मनुष्याचे घर अखेरीस बंडाच्या मार्गास का लागले, याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

इकडे महाराष्ट्रात दुसरे एक दफ्तर बंद होत होते. इनाम कमिशनने १८५२ च्या कायद्यानुसार जमिनीच्या सनदा तपासावयास घेतल्या, तेव्हा सनद दाखविण्याचा भार इनामदारावर होता, पण त्या सनदेचा मूळ पुरावा ज्यात सापडावयाचा ते पेशव्यांचे दफ्तर सरकारच्या ताब्यात होते. ज्याची जमीन जावयाची त्याच्या हातात वाळवी लागलेला एक कागद, आणि ज्याने जमीन घ्यावयाची त्याच्या हाती कागदांचे हजारो रुमाल! याच कामासाठी गोळा केलेले ते दफ्तर पुढे पुण्यास एलिएनेशन ऑफिसात कुलपाखाली राहिले. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातून निवडलेल्या सातारकर महाराजांच्या आणि पेशव्यांच्या रोजनिशा पुढे छापल्या गेल्या, आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली त्यांवर आपला प्रसिद्ध निबंध वाचला. तरी सामान्य संशोधकास ते दार उघडे नव्हते. म्हणून इतिहाससंशोधक राजवाडे वाईसारख्या गावी खाजगी वाड्यांतील रुमाल धुंडाळत राहिले आणि १८९८ मध्ये त्यांनी आपला पहिला खंड काढला; म्हणून साताऱ्याचे पारसनीस सरदारांच्या घरोघर जाऊन कागद जमवीत राहिले. गो. स. सरदेसाई यांच्या हाती ते दफ्तर १९३० च्या सुमारास आले आणि त्यांनी ४५ खंड प्रसिद्ध केले, तेव्हा पेशवाई बुडून शंभरांहून अधिक वर्षे लोटली होती, आणि ज्यांच्या इनामांचा फैसला त्या कागदांवर झाला त्यांची नातवंडेही थकलेली होती.

हा सर्व इतिहास आज वाचताना मन सहजच आपल्या काळाकडे वळते. गुन्ह्यातून आलेल्या पैशाच्या जप्तीसाठी २००२ चा कायदा आहे, त्याखाली संशयित मालमत्ता प्रथम १८० दिवसांपर्यंत गोठविता येते, आणि ती निर्दोष असल्याचे दाखविण्याचा भार बव्हंशी आरोपीवर असतो. अशा कायद्याची आवश्यकता मी नाकारीत नाही. लोकांचे पैसे लुबाडून परदेशी किंवा बेनामी ठेवणाऱ्यांवर कठोर हात पडलाच पाहिजे. परंतु हा कायदा राबविणारे अंमलबजावणी संचालनालय ज्या अंतर्गत नोंदीवरून चौकशी आरंभते तिची नक्कल आरोपीस देणे बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये ठरविले, आणि माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातून हे संचालनालय, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे विषय सोडल्यास, वगळलेलेच आहे. त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये अटकेची कारणे लेखी द्यावीत असे सांगितले, आणि २०२५ मध्ये, ज्या कागदांवर सरकार विसंबत नाही पण जे त्याने जप्त केले आहेत त्यांची यादी आरोपीस मिळाली पाहिजे असे सांगितले. अशी यादी, आणि ज्या कागदांवर सरकार विसंबले त्यांचीही, मागण्याचा हक्क प्रतापसिंह महाराजांना मिळाला असता, तर गिरिजाबाईचा अर्ज, गोव्याचे खरेदी केलेले कागद आणि लंडनहून आलेले प्रशस्तिपत्र, ही तिन्ही नावे त्या यादीत एकाखाली एक आली असती. माहिती अधिकाराच्या कायद्यात वीस वर्षांपूर्वीच्या घटनांचे कागद, काही अपवाद वगळता, मागणाऱ्यास द्यावेत असेही कलम आहे. ते कलम लोकांनी वापरले पाहिजे आणि कचेऱ्यांनी ते मनापासून पाळले पाहिजे.

सातारा-प्रकरणाचे जे कागद पार्लमेंटने छापले ते इंग्रजीत आहेत. साक्षीदारांच्या जबान्या ज्या भाषांत दिल्या गेल्या त्या भाषांच्या लोकांसाठी ते कधी छापले गेले नाहीत. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९४८ मध्ये प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी यांच्यावर ग्रंथ लिहून मराठी वाचकांवर मोठे उपकार केले, पण तो एका लेखकाचा ग्रंथ होता. शासनाच्या दफ्तराची ती प्रसिद्धी नव्हे. १८३६ च्या आयोगापुढील जबान्या, ओव्हन्सचा मुंबईशी झालेला पत्रव्यवहार, आणि विशेषतः महाराजांच्या खाजगी मिळकतीविषयीचे सर्व कागद संपादित करून, मराठी भाषांतरासह आणि सूचीसह महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध करावेत, आणि साताऱ्याच्या, वाईच्या व महाबळेश्वरच्या ग्रंथालयांत त्यांच्या प्रती ठेवाव्यात, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. काम मोठे आहे, पण पुण्याच्या दफ्तराचे ४५ खंड काही वर्षांत निघू शकले. या प्रकरणाचे खंड त्याहून कितीतरी थोडे भरतील. आरंभ मिळकतीच्या कागदांपासून करावा, कारण त्यांविषयी आजवर सर्वांत कमी लिहिले गेले आहे.